निरसे दूध आणि आतड्याची जुनाट सूज

देवणी तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा २२ वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून पोटदुखी, पातळ संडास आणि घटणारे वजन यांनी बेजार आहे. दुर्बिणीने तपासणी होऊन ‘क्रोन्स डिसीज’, म्हणजे आतड्याची जुनाट सूज, असे निदान झाले आहे आणि गोळ्या सुरू आहेत. घरी देवणी गाई आहेत. मुलगा लहान असल्यापासून त्याचे आजोबा त्याला पहाटे गोठ्यात बोलावून तांब्याभर धारोष्ण दूध पाजत असत. आता एका नातेवाइकाने मोबाईलवर दाखवले की, गाईच्या निरशा दुधातील एका जंतूमुळेच हा आजार होतो. आणि गेल्या वर्षी यांच्याच गोठ्यातील एक गाय कित्येक महिने पातळ हगून, खंगून मेली होती. तेव्हापासून आजोबांचे जेवणावरचे लक्ष उडाले आहे. दुधानेच हे झाले का, मुलाला यापुढे दूध द्यावे का, आणि उरलेल्या दोन गाई व मेलेल्या गाईची कालवड विकून टाकावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

गुरुजी, पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो, कारण घरातील एक वृद्ध माणूस त्याची वाट पाहत आहे. निरसे दूध प्याल्याने क्रोन्स होतो, हे आजवर कोणीही सिद्ध करू शकलेले नाही. आजोबांनी प्रेमाने जे पाजले त्याचा आणि नातवाच्या आजाराचा संबंध जोडण्याइतका पुरावा जगातील कोणत्याही तज्ज्ञाजवळ नाही, हे त्यांना माझ्या वतीने स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याच वेळी हेही सांगतो की, नातेवाइकांनी दाखवलेली गोष्ट कोणी मनाने रचलेली नाही. ती वैद्यकशास्त्रातील शंभर वर्षांहून जुनी, अजून न मिटलेली शंका आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय तुमच्या मनातील भीतीही जाणार नाही.

गोष्ट गाईपासूनच सुरू होते. १८९५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे दोन संशोधकांनी एका गाईच्या जाड झालेल्या आतड्यात क्षयाच्या जंतूसारखे दिसणारे जंतू पाहिले; त्यांच्यापैकी एकाच्या नावावरून या आजाराला पशुवैद्यक ‘जोन्स डिसीज’ म्हणतात. जंतूचे नाव लांबलचक आहे, मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्युबरक्युलोसिस; आम्ही त्याला ‘मॅप’ म्हणतो. तो क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्याच कुळातला आहे. या आजाराची गाय एकदा पाहिली की विसरत नाही. ताप नाही, भूक शाबूत, वैरण समोर टाकली की खाते. पण शेण पाण्यासारखे, शेपटी आणि मांड्या सतत माखलेल्या, आणि पाहता पाहता बरगड्या मोजता याव्यात इतके जनावर वाळते. काहींच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. लागण बहुधा वासरू असताना शेण लागलेल्या आचळातून, चिकातून किंवा दुधातून होते, परंतु लक्षणे दिसायला दोन ते सहा वर्षे जातात. तुमच्या गाईला हेच झाले होते असे मी न पाहता म्हणणार नाही, कारण जंत, यकृतातील चपटे कृमी आणि इतर कारणांनीही जनावर असेच खंगते. परंतु तुम्ही केलेले वर्णन जोन्सशी जुळते.

काही वर्षांपूर्वी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील एका स्नेह्यांनी मला अशा एका जनावराचे आतडे शवविच्छेदनाच्या टेबलावर दाखवले होते. निरोगी आतड्याचा आतला पडदा पातळ आणि मऊ असतो. येथे तो कित्येक पट जाड झालेला होता, त्यावर आडव्या वळ्या पडल्या होत्या, आणि मी हातमोजे घालून दोन्ही बाजूंनी ताणून पाहिले तरी त्या वळ्या मोडेनात. त्याच आठवड्यात एका तरुणाच्या लहान आतड्याचे शेवटचे टोक मी दुर्बिणीतून पाहिले होते: तसाच जाड झालेला पडदा, मध्ये लांबट व्रण, आणि व्रणांच्या मधे नदीतल्या गोट्यांसारखे उंचवटे. दोन्ही डोळ्यांसमोर ठेवली की शंका कोठून आली हे कोणालाही कळेल. ग्लासगोचे शल्यचिकित्सक थॉमस केनेडी डॅल्झील यांनी १९१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये माणसातील अशाच आतड्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी हे गुरांच्या जोन्ससारखे दिसते असे नमूद केले होते, मात्र माणसाच्या आतड्यात तो जंतू त्यांना दिसला नाही. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि क्रोन यांचे नाव त्याला चिकटले.

त्यानंतर बरीच वर्षे ही शंका मागे पडली. १९८४ मध्ये अमेरिकेतील चिओडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या काही रुग्णांच्या आतड्यातून हा जंतू वाढवून दाखवला आणि ती पुन्हा उभी राहिली. हा जंतू प्रयोगशाळेत वाढायला आठवडे नव्हे, महिने लागतात, म्हणून हे काम सोपे नव्हते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात क्रोन्सच्या २८ पैकी १४ रुग्णांच्या रक्तातून तो वाढला, तर आतड्याची सूज नसलेल्या १५ जणांपैकी एकाच्याही रक्तातून वाढला नाही. आकडे लहान आहेत, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही क्रोन्सच्या रुग्णांत हा जंतू इतरांपेक्षा अधिक वेळा सापडतो, हेच दिसले.

मग अडचण कोठे आहे? एखादी गोष्ट रोगाच्या जागी सापडणे आणि तिनेच रोग निर्माण करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमेवर माशा बसतात म्हणून जखम माशांनी केली असे होत नाही. क्रोन्समध्ये आतड्याचा पडदा आधीच फाटलेला, झिरपणारा असतो. अशा आतड्यात अन्नपाण्यातून आलेला जंतू अडकून राहणे शक्य आहे. शिवाय क्रोन्सच्या काही रुग्णांत जंतूंना ओळखून मारण्याची शरीराची यंत्रणा जन्मतःच दुबळी असते, हे २००१ पासून जनुकांच्या अभ्यासातून माहीत आहे; मात्र युरोपीय रुग्णांत सापडणारे ते जनुकीय बदल भारतीय रुग्णांत क्वचितच दिसतात.

खरी कसोटी उपचारांची असते. ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर दोन वर्षे या जंतूविरुद्धची तीन प्रतिजैविके देऊन चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. पहिल्या १६ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांत सुधारणा अधिक दिसली, परंतु पुढे तो फायदा टिकला नाही. तशाच तीन औषधांची एकत्र गोळी करून ३३१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले, २६ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ३७ टक्के आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २३ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. हा फरक खरा आहे. परंतु या औषधांनी आतड्यातील इतर असंख्य जंतूही कमी होतात आणि क्रोन्सवर त्याचाही परिणाम होतो, त्यामुळे फायदा मॅप मेल्यानेच झाला असे म्हणता येत नाही. उलट बाजूची एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. स्टेरॉईड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने दिल्यावर जिवंत क्षय भडकतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे. क्रोन्स मात्र त्याच औषधांनी शांत होतो. ज्या आजाराच्या मुळाशी क्षयासारखाच जिवंत जंतू आहे, तो असा वागणे कठीण आहे.

बाहेरचे आणि आपल्याकडचे चित्रही पाहा. जोन्सच्या जनावरांत आयुष्य काढणाऱ्या पाश्चात्त्य पशुपालकांत क्रोन्स अधिक आहे असे शोधूनही आढळले नाही. जर्मनीतील एका अभ्यासात तर पहिल्या वर्षात गुरांच्या सहवासात असलेल्या मुलांना पुढे हा आजार कमी होतो असे दिसले. आपल्याकडे बहुतेक घरांत दूध तापवल्याशिवाय पीत नाहीत, गवळ्याचा रतीब असो की पिशवीचे दूध असो, आणि तरीही गेल्या दोन-तीन दशकांत क्रोन्सचे रुग्ण वाढत आहेत. शहरांतून, ज्यांनी गोठा पाहिलेलाही नाही अशा तरुणांतून. निरसे दूध हेच मुख्य कारण असते तर ही वाढ उलट्या दिशेने व्हायला हवी होती.

म्हणून माझे मत असे: मॅपचा काही रुग्णांत काही वाटा असू शकेल, पण तुमच्या मुलाचा आजार आजोबांच्या तांब्यातून आला असे म्हणायला आधार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवत आहे, तिच्याकडे येतो. निरशा दुधातून आतड्याला होणारा जो जुनाट आजार निर्विवाद सिद्ध आहे, तो क्षय आहे. गाईगुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू दुधातून माणसात येतो आणि मुख्यतः पोटात व मानेच्या गाठींत बसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये असंख्य मुलांना याच वाटेने क्षय झाला, आणि दूध पाश्चराइज करण्याची सक्ती होण्यामागे हे एक मोठे कारण होते. आपल्याकडे पोटाचा क्षय बहुतांशी माणसाच्या जंतूनेच होतो, तरी दुधाची वाट बंद झालेली नाही. आणि पोटाचा क्षय ज्या ठिकाणी सर्वाधिक बसतो, म्हणजे लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि मोठ्या आतड्याची सुरुवात, तेच क्रोन्सचेही आवडते ठिकाण आहे. दोन्हींत व्रण पडतात, आतडे अरुंद होते, वजन घटते, ताप येतो. तुकडा काढून तपासला तरी दोन्हींत सारख्याच गाठी दिसू शकतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत परभणी जिल्ह्यातून एक मुलगी आली होती, साधारण तुमच्या मुलाच्याच वयाची. मी क्षय समजून टीबीचा कोर्स सुरू केला. दोन महिन्यांत तिचा ताप उतरला, भूक वाढली, आणि आम्ही दोघांनीही समाधान मानून पुन्हा दुर्बीण घातली नाही. नऊ महिन्यांनी आतडे इतके अरुंद झाले होते की शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढावा लागला, आणि तो क्रोन्स निघाला. त्यात चूक माझी होती. तेव्हापासून क्षयाची औषधे शंकेवर सुरू केली तर दोन ते तीन महिन्यांनी दुर्बिणीने व्रण प्रत्यक्ष भरले का ते पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. नुसते बरे वाटणे पुरेसे नसते. क्षयाचे व्रण एवढ्या काळात भरू लागतात, क्रोन्सचे बहुधा भरत नाहीत.

तुमच्या बाबतीत प्रश्न याच्या उलट आहे. मुलाने लहानपणापासून निरसे दूध घेतले आहे, मराठवाड्यात क्षय आजही भरपूर आहे, आणि त्याला आता प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असाव्यात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा की, क्षयाची शक्यता कशाच्या आधारे वगळली. तुकड्याची जीन एक्सपर्ट ही क्षयाचा जंतू शोधणारी तपासणी झाली का, पोटाचा सीटी स्कॅन झाला का, त्यात गाठी किंवा पोटात पाणी होते का, छातीचा एक्स-रे पाहिला का. गुदद्वाराजवळ भगंदर असणे, आतड्याचे व्रण लांबट आणि सोडून सोडून असणे, हे क्रोन्सच्या बाजूने जाते. आडवे व्रण, लहान-मोठ्या आतड्यांमधली उघडी राहिलेली झडप आणि पोटातील पाणी हे क्षयाच्या बाजूने. बहुधा त्यांनी हे सर्व पाहिले असेलच. पण विचारण्याने कोणी चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि उत्तर कळेपर्यंत चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

ब्रुसेला हा गुरांकडून माणसात येणारा जंतूही लक्षात ठेवावा. गाय गाभडली, जार अडकला, आणि घरात कोणाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणे सुरू झाले, तर ब्रुसेलाची तपासणी करून घ्यावी. तीही निरशा दुधातून आणि जार हाताळण्यातून येणारी लागण आहे. क्रोन्समध्येही सांधे आणि कंबर दुखते, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाबतीत हे सहज झाकले जाईल. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जंतूंनी निरशा दुधातून जोराची हगवण लागते, आणि अशा हगवणीनंतर सुमारे दहांतील एकाचे पोट पुढे महिनोन्‌महिने बिघडलेले राहते. अमेरिकेतील ब्रेनर्ड या गावात १९८३ च्या अखेरीस निरशा दुधाशी जोडलेली अशी साथ आली की १२२ जणांना पातळ संडास लागले आणि अनेकांचे ते वर्षभराहून अधिक टिकले. कोणता जंतू होता हे आजवर सापडलेले नाही. तो क्रोन्स नव्हता. निरशा दुधाची आतड्याशी असलेली जवळीक किती गंभीर असू शकते, हे मात्र त्यातून दिसते.

तेव्हा दूध तापवावे, हे माझे सांगणे क्रोन्सच्या भीतीने नाही. तुमच्या घरात आता प्रतिकारशक्ती दबलेला एक तरुण आहे आणि त्याच्यासाठी धारोष्ण दूध पूर्णपणे बंद असले पाहिजे. दुधाला पूर्ण उकळी येऊ द्यावी आणि ती आल्यावर ढवळत दोन-तीन मिनिटे मंद आचेवर ठेवावे. क्षय, ब्रुसेला आणि मॅप तिन्ही मरतात. तापवल्याने कॅल्शियम जात नाही, प्रथिने जात नाहीत. काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात, ती भाजीपाल्यातून सहज मिळतात. पिशवीचे दूधही तापवूनच घ्यावे. ब्रिटनमध्ये १९९९-२००० च्या सुमारास डेअऱ्यांतील पाश्चराइज दुधाचे ५६७ नमुने तपासले तेव्हा १० नमुन्यांत मॅप जिवंत सापडला होता, कारण ७२ अंशांवर १५ सेकंदांत हा चिवट जंतू सगळाच मरतो असे नाही. पंचामृतासाठी तापवून गार केलेले दूध वापरावे. खरवस वाफवलेला असतो, त्याची चिंता नको. देशी गाईचे, ए-टू प्रथिनाचे दूध म्हणून निरसे चालते, हे खरे नाही. प्रथिनाच्या प्रकाराचा आणि जंतूंचा काही संबंध नाही.

तापवलेले दूध मुलाला द्यावे का? द्यावे, सोसत असेल तर. दुधातील प्रथिनेच क्रोन्सला कारणीभूत आहेत असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, क्रोन्स झालेल्या लहान मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त पातळ पोषक आहार देऊन आजार शांत करण्याची जी पद्धत जगभर वापरतात, त्यातील बहुतेक आहार दुधाच्या प्रथिनांपासूनच बनवलेले असतात. त्रास होतो तो दुधातील साखरेचा. सुजलेल्या आतड्याला ती पचत नाही, आपल्याकडील अनेक प्रौढांना ती तशीही कमी पचते, आणि मग पोट गुबारते, संडास पातळ होतो. निरशा दुधात ही साखर पचवणारा पाचकरस असतो असा समज आहे, तो चुकीचा आहे; २०१४ मध्ये अमेरिकेत १६ जणांवर करून पाहिले, तेव्हा निरशा दुधानेही तेवढाच त्रास झाला. मुलाचे दूध दोन आठवडे बंद करून पाहावे, नंतर अर्धा कप तापवलेले दूध सुरू करावे, आणि फरक वहीत लिहून ठेवावा. दूध सोसले नाही तर घरचे दही आणि ताक बहुधा सोसते. दूध, दही दोन्ही बंद करून बसू नये, कारण या आजारात आणि स्टेरॉईडमुळे हाडे ठिसूळ होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची पातळी डॉक्टरांकडून पाहून घ्यावी. मुलगा विडी-सिगारेट ओढत असेल तर ती आजच सुटली पाहिजे. दुधाने क्रोन्स वाढतो याला पुरावा नाही, धुराने वाढतो याला भक्कम आहे.

राहिल्या गाई. त्या विकू नयेत, आणि हे मी तुमच्यापेक्षा दुसऱ्याच्या गोठ्यासाठी सांगतो. जोन्सची लागण झालेले जनावर लक्षणे दिसण्याआधीच शेणातून जंतू सोडू लागते, आणि ते जंतू ओल्या मातीत वर्षभर तग धरू शकतात. हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत तुम्ही आज धडधाकट दिसणारी गाय विकाल, आणि तीन वर्षांनी ती कोणा अल्पभूधारकाच्या दावणीला पातळ हगेल. देशी गाईला हा आजार होत नाही हा समजही चूक आहे; गाय, म्हैस, शेळी, मेंढी सर्वांना होतो आणि यावर औषधोपचार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून दोन्ही गाईंचे शेण आणि रक्त तपासून घ्या. वासरू जन्मले की आचळ धुऊन पाजावे, त्याची जागा मोठ्या जनावरांपासून वेगळी आणि कोरडी ठेवावी, आणि शेण पाण्याच्या हौदाजवळ साचू देऊ नये. गोठ्याचे काम केल्यावर मुलाने साबणाने हात धुवावेत. शेण काढण्याचे काम सध्या दुसऱ्या कोणी केले तर अधिक बरे.

कालवडीकडे मात्र वेगळे लक्ष हवे. आईला जोन्स असेल तर लागण होण्याची शक्यता सर्वांत जास्त तिलाच आहे, कारण ती त्याच आचळाला प्याली आणि त्याच शेणात वाढली. आज ती तजेलदार दिसत असेल, कदाचित गोठ्यातले सर्वांत देखणे जनावर तीच असेल. कोवळ्या वयात तपासणीत काही निघाले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. दरवर्षी आणि पहिल्या वितानंतर पुन्हा तपासा, आणि तोवर तिला वेगळ्या दावणीला बांधा.